सरपंच, जरा बारीक दळा

भान्याच्या डाव्या मुठीत माझा अंबाडा होता आणि उजव्या हातात हिरव्या बांगड्या.

"आ कर," तो म्हणाला. "आ कर म्हनतो ना! तुझ्या नवऱ्यानं घातल्या न्हाईत, आता तू खा."

मी दात आवळून धरले. त्यानं माझं तोंड गव्हाणीच्या दगडावर आपटलं. पुढचा एक दात तुटून जिभेवर आला आणि त्याच्या मागोमाग काचा आत गेल्या. ओठ कापला, टाळू कापली. दिवस मावळायला आला होता. गयाबाईच्या गोठ्यातले दोन्ही बैल दावं ताणून आमच्याकडं बघत होते आणि खुद्द गयाबाई दाराच्या फटीतून बघत होती. भान्याबरोबर आलेला गडी फटफटी चालू ठेवून बांधावर उभा होता.

"अर्ज मागं घ्यायची तारीख गेली म्हनून काय झालं?" भान्या म्हणाला. "घरात बसायची तारीख कवाबी असती. उद्यापास्नं परचार बंद. बाईनं बाईच्या जागंवर ऱ्हावं."

बाईची जागा म्हणजे काय, ते आधी सांगते. मागच्या खेपेला आमच्या कुरणवाडीचं सरपंचपद महिलांसाठी सुटलं होतं. नवऱ्याच्या चुलत्यांनी, म्हणजे आण्णांनी, माझा अर्ज भरला. मी निवडून आले आणि गाव माझ्या नवऱ्याला सरपंच म्हणायला लागलं. दिगंबरची पिठाची गिरणी. बायका डबे घेऊन यायच्या नि म्हणायच्या, "सरपंच, जरा बारीक दळा." मी शेजारी उभी असले तर मी वहिनी. पाण्याची टाकी मी बांधून घेतली. वस्तीवरचा रस्ता ठेकेदाराच्या उरावर बसून पुरा करून घेतला, आणि तो ठेकेदार म्हणजे संपतराव. उद्घाटनाचा नारळ मात्र दिगंबरनं फोडायचा. त्या बिचाऱ्याच्या हातून नारळसुद्धा एका दणक्यात फुटायचा नाही.

या खेपेला जागा सर्वसाधारण झाली. सर्वसाधारण म्हणजे कुणीही उभं राहावं. पण आमच्या गावात त्याचा अर्थ एकच होता, जागा पुरुषांची झाली. म्हातारी माणसं मला अगदी मायेनं समजवायची, "पोरी, बायकांची पाच वर्सं झाली. आता गड्यांची पाळी. कुनाच्या हक्कावर पाय दिऊ नगं." संपतराव उभे राहिले आणि मी माघार घेतली नाही. मग त्यांच्या माणसांनी गिरणीत ताट पाठवलं. ताटात हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू. बायको आवरत नसेल तर हे घाला, असा त्याचा अर्थ. दिगंबरनं ते ताट पिठाच्या डब्यांमागं सरकवलं नि दळत राहिला. माझा नवरा असाच होता. पायाखाली मुंगी आली तरी दिवसभर हळहळायचा.

आणि म्हणून त्या दिवशी मी एकटी गयाबाईच्या वस्तीवर मत मागायला आले होते, आणि संपतरावांचा माणूस भान्या माझ्या मागावर आला होता.

त्यानं मला चिखलात पालथं पाडलं आणि बरगडीत लाथ घातली. गव्हाणीच्या कडेला बैलांचा कासरा पडलेला होता. माझा हात त्याच्यावर पडला आणि मला माझा बाप आठवला.

बाप लोहार. आठवडी बाजारात बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचा. पत्री मारायची तर आधी बैल पाडावा लागतो. बापाला मुलगा नव्हता, कासरा मीच टाकायचे. बैल ताकदीनं पडत नाही. त्याचे पाय एकमेकांजवळ आणायचे आणि त्याला कळायच्या आत ओढायचं, मग तो स्वतःच्याच वजनानं पडतो. पडल्यावर क्षणभर तो हबकतो, ओरडतही नाही. गाठ मारायची ती तेवढ्यात.

भान्याला तर दोनच पाय होते.

तो पुन्हा माझ्या केसांना धरायला वाकला तेव्हा फास त्याच्या घोट्यांवर चढलेला होता. मी डोकं त्याच्या गुडघ्यांवर मारलं आणि सगळ्या अंगाचा भार कासऱ्यावर टाकला. तो उताणा पडला, डोकं गव्हाणीवर खणकन आपटलं. मी गाठ मारली. दुसरा वेढा मनगटांना घातला. बांधावरच्या गड्यानं हे पाहिलं आणि फटफटीसकट पसार झाला.

"सोड," भान्या म्हणाला. मग म्हणाला, "वैनी, सोड."

मेखा ठोकायची लाकडी मोगरी तिथंच होती. ज्या हातानं त्यानं माझ्या तोंडात काचा घातल्या, तो उजवा हात मी गव्हाणीवर ओढून घेतला आणि मनगटावर मोगरी हाणली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी परत हाणली. तो लहान पोरासारखा आईच्या नावानं ओरडायला लागला. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. तोंडातलं रक्त त्याच्या अंगावर थुंकले, गाठ सोडली आणि चालत घरी आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आण्णा आले तेव्हा माझं तोंड भोपळ्यासारखं सुजलं होतं. दिगंबर माझ्या ओठांवर तुरटीचं पाणी लावत होता. मी पोलिसात जायचं म्हणत होते. आण्णा दारातच हसत सुटले. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"आगं, भान्यानं दवाखान्यात काय सांगितलं म्हाईत हाय का? दिगंबर नि त्येची धा मानसं आली, म्हनं. अंधारात घेरलं, म्हनं."

"खोटं हाय ते," मी म्हणाले. बोलताना ओठातून रक्त आलं.

"खोटं असू दे की! त्यानं सोताच्या तोंडानं सांगितलंय. बाईनं हात मोडला म्हनून सांगंल का त्यो? मरंल पर सांगायचा न्हाई." आण्णा खाली बसले. "आन आपुनबी सांगायचं न्हाई. पोलीस न्हाईत, काय न्हाईत. सकाळपास्नं चावडीवर एकच बोलनं हाय. दिगंबरनं बायकोच्या अंगाला हात लावनाऱ्याचा हात मोडला. काल आपुन पडत हुतो. आज निवडून आलोय."

दिगंबर म्हणाला, "आण्णा, मी तर गिरणीत होतो. पट्टा तुटला होता."

"तू गप. आजपास्नं तू वाघ हायस."

मी दुपारी गयाबाईकडं गेले. म्हटलं, निदान एक बाई तरी खरं बोलेल. तिच्या दारासमोरचा रस्ता माझ्यामुळं झालेला. ती भाकऱ्या थापत होती.

"मावशे, तू फटीतनं सगळं बघितलंस."

"बघितलं की. दिगंबर आला नि त्यानं भान्याला तुडीवला."

"मावशे!"

तिनं भाकरी उलटली. "पोरी, नवरा असा खमका हाय म्हटल्यावर वस्ती तुला मत देनार. तू सोता मारलंस म्हटलं तर कोन देईल गं? मीच देनार न्हाई."

ती हे वाईट हेतूनं म्हणाली नाही. मला भाकरीसुद्धा वाढली. तोंड फाटलेलं असल्यामुळं मला ती खाता आली नाही.

प्रचाराचे उरलेले दिवस असे गेले की मी नुसती हात जोडून उभी राहायची. पत्रकावर दिगंबरचा फोटो माझ्याहून मोठा झाला. कालपर्यंत मला दारात उभं न करणारी माणसं आता त्याला चहाला आत बोलवायची. आणि दिगंबर? पहिल्या दिवशी तो लाजला. दुसऱ्या दिवशी त्यानं नाही म्हणायचं सोडलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, "कसा मोडला हो?" तर यानं मनगट फिरवून दाखवलं. गिरणीत काळा गॉगल लावून बसायला लागला. त्या गॉगलवर पीठ बसायचं नि याला समोरचा डबा दिसायचा नाही. मला हसूही यायचं आणि संतापही यायचा. रात्री मी म्हटलं, "अहो, मारलं कुणी?" तर म्हणाला, "आपण दोघं काय वेगळे आहोत का?"

मतदान चार दिवसांवर आलं होतं. भर दुपारी गिरणीचा आवाज एकदम बंद झाला आणि बायका किंचाळत माझ्या घराकडं आल्या.

भान्याच्या भावकीतले चौघे होते. त्यांच्या लेखी भान्याचा हात दिगंबरनं मोडला होता, आणि हिशेब हाताचाच करायचा होता. त्यांनी आधी गजानं दिगंबरचे पाय झोडपले. मग त्याचा उजवा हात चालू पट्ट्यात दिला. मी पोचले तेव्हा ते गाडीत बसत होते. एक जण म्हणाला, "ऱ्हायलेलं मतदानानंतर बघू. गिरणीत घालूनच दळू तुझ्या वाघाला." आत ज्वारीच्या पिठात रक्ताचा लगदा झाला होता. गॉगल त्यातच पडला होता. मी त्याच पिठात हात घालून दोन बोटं शोधली, पदरात गुंडाळली आणि तालुक्याला नेली. डॉक्टर म्हणाले, आता काही उपयोग नाही.

पोलीस जबाब घ्यायला आले तर दिगंबर म्हणाला, कोण होते, ओळखले नाहीत. आण्णांनीच त्याला तसं पढवलं होतं. चौघांची नावं सांगितली तर सगळंच बाहेर निघालं असतं.

संध्याकाळी तो शुद्धीवर होता. आण्णा खाटेच्या पायथ्याशी बसले होते. डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण त्यांनी पाणी पुसलं आणि म्हणाले, "आता एकबी मत कुठं जात न्हाई."

"मी उद्याच्या सभेत खरं सांगणार," मी म्हणाले.

"खुळी का काय? जिकलेली जागा घालवतीस?"

"ते परत येणार आहेत, आण्णा. याला मारायला येणार आहेत. त्यानं न केलेल्या कामासाठी."

मला वाटलं, दिगंबर तरी माझ्या बाजूनं बोलेल. तो छताकडं बघत होता. हलकेच म्हणाला, "नको सांगू."

"का?"

"आयुष्यात पहिल्यांदा लोक मला घाबरले गं. बोटं गेली ती गेली. एवढं तर राहू दे माझ्याकडं."

मला त्याची इतकी दया आली की त्याच्या तोंडात मारावंसं वाटलं. मी त्याच्या कपाळावरून हात फिरवला आणि काहीच कबूल केलं नाही.

सभा शाळेच्या पटांगणावर दुपारी होती. सगळं गाव लोटलं होतं, संपतरावांची माणसंही कडेला उभी होती. प्लॅस्टर घातलेला हात गळ्यात अडकवून भान्या लिंबाखाली उभा होता. मी पिशवीतून गयाबाईचा कासरा आणला होता. सकाळीच तिच्या गोठ्यातून न विचारता उचलला. मंचावर बोलायला उभी राहिले तेव्हा तो काढला आणि त्याचा फास माइकसमोर सतरंजीवर पसरून ठेवला. बैलासाठीसुद्धा तो आधी असाच पसरतात. लोकांना वाटलं, बाई कसला तरी दाखला देणार आहे.

"माझ्या नवऱ्यानं कुणालाही मारलेलं नाही," मी म्हणाले. "भान्याचा हात मी मोडला. एकटीनं. ज्याला सूड घ्यायचा असेल त्यानं माझ्याकडं यावं."

टाळ्या सुरू झाल्या. मला कळेना. बायका डोळ्यांना पदर लावत होत्या. पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आगं बया, नवऱ्यावरचं सोतावर घेती बघा! सावित्रीच म्हनायची."

"भान्या," मी ओरडले, "सांग, कुणी मोडला?"

सगळ्या माना लिंबाकडं वळल्या. भान्यानं खाली बघितलं. "दिगंबरनं," तो म्हणाला. "धा मानसं हुती."

आण्णा उठले. देहानं भारदस्त माणूस, धोतर, फेटा. हसत हसत माइककडं आले. "मंडळी, सूनबाईला कालपास्नं झोप न्हाई. नवऱ्यापायी जीव तुटतोय तिचा. आसल्या पतिव्रतेला..." असं म्हणत त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला मागं ओढायला लागले. त्यांची बोटं घट्ट होती. त्यांचे दोन्ही पाय फासात होते.

या माणसापुढं मी लग्न झाल्यापासून कधी खुर्चीवर बसले नव्हते. त्याच्या पोटात खांदा घातला आणि कासरा ओढला. आण्णा स्वतःच्या वजनानं पडले. फळ्या कडाडल्या, फेटा सुटून लोकांत गेला. त्यांना कळायच्या आत मी घोट्यांना गाठ मारली, मनगटांना वेढा घातला आणि त्यांच्या छातीवर गुडघा रोवला. पडताना माइक तोंडावर येऊन त्यांचं नाक फुटलं होतं. ते ओरडले नाहीत, नुसते माझ्याकडं बघत राहिले.

"असा पाडला भान्याला," मी माइक न घेताच म्हणाले. "आणि मग मोगरीनं हात मोडला."

आधी कुणीतरी हसलं. मग ते हसू बंद झालं. टाळी एकही वाजली नाही. त्या पटांगणात बैल पाळणारी शंभर घरं असतील. ती बैल पाडणाऱ्याची गाठ आहे, हे त्यातल्या प्रत्येकाला कळलं होतं. पुन्हा सगळ्यांनी लिंबाकडं बघितलं तर भान्या तिथं नव्हता.

पहिल्यांदा गयाबाई उठली. मंचाजवळ आली, आण्णांच्या पायातून आपला कासरा सोडवून घेतला आणि मला म्हणाली, "घालवलंस." तिच्यामागं सगळ्या बायका उठून गेल्या.

मी पडले. थोड्याथोडक्या मतांनी नाही, सपाटून पडले. दिगंबरनं हात मोडला तेव्हा तो वाघ होता, मी मोडला म्हटल्यावर मी हिडिंबा झाले. रस्ता माझा, टाकी माझी, हे कुणी नाकारलं नाही. फक्त म्हणाले, चुलतसासऱ्याच्या उरावर बसणारी बाई गावाच्या उरावर बसायला किती वेळ लागेल? संपतरावांनी रस्त्याच्या कामात किती खाल्लं होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. पण ते पुरुष होते आणि जागा पुरुषांची होती. गुलालाची गाडी आमच्या दारावरून गेली तेव्हा त्यांनी बांगड्या फेकल्या. अंगणात हिरव्या काचांचा सडा पडला.

पण दिगंबरला मारायला परत कुणी आलं नाही. कशासाठी येणार? आणि माझ्यावर यायचं तर भान्याला आधी कबूल करावं लागलं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं, एवढंच मी स्वतःला सांगत राहिले. रडले मात्र पोटभर. आण्णा आमच्या उंबऱ्याला पुन्हा शिवले नाहीत. दिगंबर कितीतरी महिने माझ्याशी कामापुरतंच बोलला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. दिगंबरच्या हातानं पट्टा चढवणं होत नाही, म्हणून गिरणी मीच चालवते. तो दारात खुर्ची टाकून बसतो, डब्यांचा नंबर लावतो. गावाला मी गिरणीवाली वहिनी. सरपंच पुन्हा कधी मला कुणी म्हटलं नाही, आणि आधी तरी कुणी म्हटलं होतं?

गेल्या दिवाळीच्या तोंडावर गिरणीत अशी गर्दी होती की उभं राहायला जागा नव्हती. चकलीची भाजणी, अनारशाचं पीठ, सगळ्यांनाच घाई. तेवढ्यात बाहेर एक फटफटी थांबली. भान्या उतरला. केस पिकलेले. उजवं मनगट वाकडंच बसलेलं, म्हणून ज्वारीचं पोतं डाव्या हातानं ओढत आणलं. आमच्या गिरणीत तो त्या दिवसानंतर पहिल्यांदाच येत होता. त्याच्या वस्तीवरची गिरणी बंद पडली होती. दिगंबर खुर्चीतून अर्धा उठला.

भान्या माझ्यासमोर येऊन थांबला. पायांतल्या चपला काढल्या.

"रामराम, सरपंच," तो म्हणाला. "जरा बारीक दळा."

रांगेतल्या एकीला हसू आलं. "भानूदादा, सरपंच तिकडं चावडीत बसत्यात. ह्या कुठल्या सरपंच?"

भान्या हसला नाही. माझ्याकडंही बघितलं नाही. डाव्या हातानं उजवं मनगट धरून तो खाली बघत तसाच उभा राहिला. दिगंबर परत खुर्चीत बसला आणि तोंड फिरवून रस्त्याकडं बघायला लागला.

मी सगळे डबे बाजूला सारले आणि भान्याचं दळण आधी घेतलं.